चौथी खुंटी

व्हायोलिनची चौथी खुंटी मोडली तेव्हा घरात घड्याळजींशिवाय कोणी नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नव्हती.

लेक आणि जावई कामावर गेले होते, नात शाळेत. व्हायोलिन घड्याळजींच्या बायकोचं. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. आता नात शिकणार म्हणून ते त्यांनी विमानात मांडीवर घेऊन या परक्या शहरात आणलं होतं. पाच वाजता शिकवणारी बाई पहिल्यांदा येणार होती. बाकीचं त्या बघतील, तुम्ही हात लावू नका, असं लेकीने निघताना दोनदा सांगितलं होतं.

पण तारा सैल दिसल्या. घड्याळजींनी चाळीस वर्षं घड्याळांना किल्ली दिली होती, आणि किल्ली थांबेपर्यंत द्यायची असते. तीन खुंट्या थांबल्या. चौथी थांबेना, आणि थांबली तेव्हा तिचा पिळायचा चपटा कान हातात आला होता.

त्यांनी खुंटीचे दोन्ही तुकडे रुमालात बांधले आणि बाहेर पडले. दुकान फोनवर शोधता आलं असतं. पण फोन लेकीने सुरू करून दिला होता आणि आपण त्यात काय शोधतो ते तिला दिसतं, अशी त्यांची खात्री होती.

इथली भाषा त्यांना येत नव्हती आणि त्यांचा 'व्हायोलिन' हा शब्द इथे कोणाला कळत नव्हता, म्हणून कोपऱ्यावरच्या वर्तमानपत्रवालीला त्यांनी नुसते तुकडे दाखवले. तिने समोरच्या दुकानाकडे बोट केलं. तिथल्या माणसाने तुकडे निरखले आणि कपाटांना लावायच्या मुठी काउंटरवर मांडायला सुरुवात केली. चाळीसेक मांडून झाल्यावर घड्याळजींनी खुणेने सांगायचं ठरवलं. त्यांनी मान डावीकडे वाकवली, हनुवटी खांद्यावर दाबली आणि उजव्या हाताने गज ओढल्यासारखं केलं. तोंड वाकडं झालं, कारण डोळ्यांत थोडं पाणी होतं आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

दुकानदार हळहळला. त्यांना दंडाला धरून शेजारच्या औषधाच्या दुकानात घेऊन गेला आणि त्यांची खूण त्याने स्वतःच करून दाखवली. औषधवाल्या बाईंनी घड्याळजींना स्टुलावर बसवलं, मान चाचपली आणि कानापासून खांद्यापर्यंत एक रुंद गरम पट्टी चिकटवली. एवढ्या मायेने कोणी चिकटवत असताना नको कसं म्हणायचं?

आता अडचण अशी झाली, की पट्टी लावलेल्या माणसाने मान वाकडी करून हात हलवला तर त्याचा एकच अर्थ निघतो. पुढच्या चौकात एका गृहस्थांनी त्यांना टॅक्सीत बसवलं आणि टॅक्सीवाल्याने थेट इस्पितळाच्या फाटकात उतरवलं.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने चाकाची खुर्ची पुढे केली. घड्याळजी बसले नाहीत. दोन वाजले होते. मग आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं: गायले. गाणं येत नव्हतं. बायको नवशिक्यांना रोज घोकून घ्यायची ते सात सूर तेवढे पाठ होते, भिंतीपलीकडून ऐकून झालेले. ते चढत गेले, वरच्या सुरावर आवाज फाटला, तसेच उतरत आले. पहारेकऱ्याने खुर्ची बाजूला सारली, त्यांना कोपऱ्यापर्यंत नेलं आणि इस्पितळामागची गल्ली दाखवली.

घड्याळजी गल्लीच्या तोंडाशी उभेच राहिले. दोन्ही बाजूंना वाद्यांचीच दुकानं. एका काचेमागे पितळी कर्णे, एकात माणूस आत झोपू शकेल एवढी सारंगीसारखी वाद्यं, एकात नुसत्या बासऱ्या, करंगळीएवढीपासून दारातून आत जाणार नाही अशीपर्यंत. पुढे एका दुकानाच्या छताला व्हायोलिनं टांगलेली, शेकड्यांनी, काही अजून रंगही न चढलेली, पांढरी. दार उघडल्याच्या वाऱ्याने त्यांतल्या कुठल्यातरी तारा आपोआप गुणगुणल्या. घड्याळजी दारात एका बाजूला सरकले. शेजारून कोणीतरी आत जायचं आहे, अशी जागा त्यांनी सोडली होती. मग शेजारी कोणी नाही हे लक्षात आल्यावर ते आत गेले.

आतला कारागीर म्हातारा होता. कानाशी एक लाकडी फळी धरून बोटाने ठोकत होता, आणि फळी काय म्हणते ते ऐकत होता. घड्याळजी टोपी काढून थांबले. असं घड्याळ ऐकणारा माणूस त्यांना माहीत होता. लाकूड ऐकणारा पहिल्यांदाच पाहिला.

कारागिराने तुकडे दिव्याखाली धरले आणि मान हलवली. मोडलेल्या जागी नखाने पिवळी खपली दाखवली. घड्याळजींनी खिशातलं भिंग डोळ्यात बसवलं. गोंद होता. जुना गोंद. आणि साधासुधा नाही, घड्याळाच्या काचा बसवायला ते स्वतः दुकानात घोटायचे तो. म्हणजे खुंटी आधीच कधीतरी मोडली होती आणि चोर घरातला होता.

नवी खुंटी तासून होईपर्यंत त्यांनी भिंतीवरचं लंगडत चालणारं घड्याळ नीट केलं. कारागिराने मग पैसे घेतले नाहीत. खुंटी फिरवताना आत दाबायची असते, एवढं मात्र त्याने चार वेळा करून दाखवलं.

पाच वाजायच्या आत ते घरी पोचले तेव्हा लेक आली होती. मानेवरची पट्टी पाहून ती घाबरली. मानेला काही झालेलं नाही, असं सांगून घड्याळजींनी दोन तुकडे टेबलावर ठेवले.

"तुझ्या आईची खुंटी मी मोडली."

लेक खांद्यावरच्या पर्ससकट खुर्चीत बसली. "बाबा, ती मी मोडलीय. सहावीत होते. आईने चिकटवली."

"मला नाही सांगितलं."

"आई म्हणाली, त्यांना कळता कामा नये. ते दुरुस्त करायला बसतील."

घड्याळजींनी यावर विचार केला. वाद घालावा असं त्यात काही नव्हतं.

"गोंद वाळायला किती दिवस ठेवलीत?"

"आठवडाभर. वाजवत का नाही म्हणून तुम्ही विचारलंत, तर हात दुखतो म्हणाली."

घड्याळजींना तो आठवडा आठवला. रोज संध्याकाळी दुकान बंद करून आल्यावर ते तिच्या हाताला तेल चोळत होते, आणि ती डोळे मिटून सांगत होती, "अजून थोडं."