टाइपिस्टबाईंचा अणुकरार

सरांच्या वर्गात दर वर्षी चहाच्या सुट्टीच्या आत अणुयुद्ध होई. आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत शिकवताना ते मुलांचे दोन देश करत, दोन खोल्यांत बसवत आणि दोघांनाही कागदोपत्री अणुबॉम्ब देत. दोघांकडे बॉम्ब असला की धाकाने शांतता टिकते, हे त्यांना दाखवायचं असे. नऊ वर्षांत जग नऊदा बेचिराख झालं होतं.

यंदा मात्र तपासणी समिती आली होती. विषय ठेवायचा की गुंडाळायचा, हे तिचे अध्यक्ष ठरवणार होते. विषय गेला तर सरही गेले, कारण दुसरं काही शिकवणं त्यांच्या बापजन्मात जमलं नसतं.

खेळाचा नियम साधा होता. एका देशाने निरोप खरडायचा, तो टाइप होऊन दुसऱ्या देशाकडे जायचा. नेहमीचे कारकून रजेवर होते, म्हणून काम टाइपिस्टबाईंकडे आलं.

पहिलाच निरोप लिहिताना डावीकडच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला आणि सरांनी घड्याळाकडे पाहिलं. पण उजवीकडून उत्तर गेलं आणि आवाज खाली आला. अकरा वाजता सैन्यं मागे सरली. साडेअकराला दोन्ही देश व्हरांड्यात गळ्यात गळे घालून उभे होते. सर हरखले! अध्यक्ष मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "हे आपोआप कसं झालं?"

"धाक, साहेब. धाक!" सर म्हणाले.

अध्यक्षांनी कागदावर दाबून दाबून काहीतरी खरडलं, अहवाल म्हणून टाइप करायला बाईंच्या टेबलावर आपटलं आणि ते जेवायला गेले.

सर बाईंकडे धावले. तिथे मुलांचे मूळ कागद पडलेले. 'हिंमत असेल तर या, राजधानीची राख करतो.' शेजारी टाइप केलेली प्रत: 'तुमचा राग आम्ही समजू शकतो. एकदा समोरासमोर बसू. मनात काही ठेवू नका.'

"बाई! शब्दन् शब्द टाइप करायचा होता!"

"माझ्या दोन जावा चौदा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, सर. निरोप माझ्याकडूनच जातात. जसेच्या तसे पोचवले असते, तर आमचं घर केव्हाच मोडलं असतं."

"अहो, पण हा खोटेपणा झाला!"

"खोटेपणा कसला? डोकं शांत झाल्यावर त्यांनी जे लिहिलं असतं, ते मी आधीच लिहिलं."

सर तणतणत निघून गेले.

आठवड्याने अहवाल आला. सरांनी तो उभ्याउभ्याच वाचला. 'सरांची कळकळ आम्ही समजू शकतो. विषय चालू ठेवावा. पुढच्या वर्षी एकदा समोरासमोर बसू. मनात काही ठेवू नये.' खाली अध्यक्षांची ठसठशीत सही होती.

सरांनी अहवाल दोनदा वाचला आणि ते बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"अध्यक्षांनी लिहिलेला मूळ कागद आहे," बाई मान वर न करता म्हणाल्या. "बघायचाय?"

पडताळणी केल्याशिवाय कुठल्याही करारावर विसंबू नये, हे सर वर्षानुवर्षं शिकवत आले होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि आरामात बसले.

"नको," ते म्हणाले. "अध्यक्षांना माझं उत्तर पाठवायचंय."

"मजकूर?"

"तुम्हीच बघा."