इंगळे सरांचा पळस

नुसतं "लाल" म्हटलेलं इंगळे सरांना चालत नाही. अकोल्यात ते माझ्या शेजारच्या घरात राहतात. कुंपणापलीकडून मी कौतुकानं म्हणावं, "सर, तुमची जास्वंद काय लाल फुललीय!" तर हातातला पाण्याचा पाइप खाली टाकून सर विचारणार, "लाल म्हंजे कोन्ता लाल, वकीलबाई? नीट सांगा ना." वीस वर्षं मी कोर्टात लोकांची उलटतपासणी घेते आहे. सरांच्या जास्वंदीपुढे मात्र माझी बोबडी वळते.

सरांनी जन्मभर शाळेत भूमिती शिकवली. निवृत्तीनंतर त्यांना पक्ष्यांचं वेड लागलं. दर फाल्गुनात ते आम्हा आठ-दहा जणांना पातूरजवळ निर्गुणा नदीच्या काठानं फिरायला नेतात. खरं म्हणजे हाकत नेतात. पहाटे पाचला फाटक वाजवून ओरडतात, "उठा! पक्षी काई तुमच्यासाठी थांबून नाई राह्यले!"

नदीवर त्यांचा कायदा चालतो. पक्षी दिसला की त्याचा रंग सांगायचा नाही, चाल सांगायची. "रंग म्हंजे कपडे. कपडे कोनीबी घालते. पक्षी चालीवरून वळखावा." वाळूत टिटवी दिसली की सर स्वतः तीन पावलं तुरुतुरु पळून दाखवतात आणि खटकन थांबतात. सत्तरीच्या माणसानं, गळ्यात दुर्बीण अडकवून. पण लांबवरच्या फांदीवरचं टिचभर पाखरू फक्त शेपटीच्या हालचालीवरून त्यांनी ओळखलेलं मी पाहिलंय.

फुलांचा कायदा बरोबर उलटा. पळस दिसला की रांगेत प्रत्येकाला प्रश्न, "कोन्ता लाल?" आणि सर वहीत उत्तर लिहिणार. आमच्यातले औषधदुकानवाले राठी एकदा म्हणाले, "कुंकवासारखा."

"कुंकू मांगच्या साली झालं."

"मग निखाऱ्यासारखा."

"निखारा चार खेपा झाला. नवीन सांगा!"

राठींनी मला हळूच विचारलं, "ह्यांना पुस्तक छापायचंय का?" मलाही तसंच वाटायचं.

यंदा ऊन लवकर तापलं. नऊ वाजताच डोहापाशी सगळ्यांनी बूड टेकलं. भाकरी-ठेचा उरकला आणि परत फिरायचा ठराव एकमतानं पास झाला. मोठा पळस तिथून पुढे, नदीच्या दुसऱ्या वळणावर.

"तुमी बसा सावलीत," सर टोपी सारखी करत म्हणाले, "मी पळस पाहूनच येतो."

"सर, फोटो दाखवतो ना मोबाइलवर," राठी म्हणाले.

"फोटो कायले पायजे मले?" सर चालू लागले. एकट्या म्हाताऱ्याला उन्हात सोडणं बरं दिसेना, म्हणून चडफडत मीही उठले.

वाटेत काठावरच्या हिरव्यागार लव्हाळ्यात माझा लाल रुमाल पडला. सर मागे होते. मी म्हटलं, "सर, तेवढा रुमाल द्या." ते वाकले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रुमाल त्यांच्या बुटाला चिकटून होता. "कुठी हाये?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते हातानं गवत चाचपत होते.

मी रुमाल उचलला. सर हिरमुसून दगडावर बसले.

"मले लाल दिसतच नाई, वकीलबाई. जन्मापासून. लाल अन् हिरवं, सारं एकाच मातीचं." मग बायकोचा विषय काढून म्हणाले, "कमलचं माहेर इथलंच. हा पळस तिच्या लहानपनचा. गुडघे गेले तवापासून तिले येता येत नाई. घरी गेलो का पयले विचारते, पळस कसा होता? मले तर तो वाळल्या पानावानी दिसते. लग्नाच्या वक्ती लपवलं, मंग सांगाचं राहूनच गेलं. आता कोन्या तोंडानं सांगू?"

मी त्यांना हात देऊन उठवलं. आम्ही वळणापर्यंत गेलो. पळस अंगभर फुलला होता. यंदा साक्षीला मी एकटीच, आणि सर वही उघडून उभे. मी चांगली पाच मिनिटं झाडाकडे पाहिलं.

"सर, कोर्टात पहिल्या दिवशी उभी राहिले आणि अशिलाचंच नाव विसरले. कानाच्या पाळ्या अशा तापल्या होत्या, की हात लावला तर चटका बसावा. तसा लाल. वर थोडी हळद."

सरांनी स्वतःच्या कानाला हात लावला. मग लिहून घेतलं.

घरी कमलकाकू ओसरीवर पाय लांब करून बसल्या होत्या. बूट काढायच्या आधीच सरांनी सुरू केलं, "कमल, मी पयल्यांदा वर्गावर गेलो अन् प्रमेय इसरलो, तवा माये कान कसे तापले होते! तसा हाये यंदा पळस." काकू पदर तोंडाला लावून हसल्या. सर समाधानानं हातपाय धुवायला गेले.

काकूंनी मला जवळ बोलावलं. "कान तुमचे ना, बाई?"

मी गडबडले. वकील असून.

"मले मालूम हाये. लग्नात माया हिरव्या शालूले 'लाल लय शोभते' म्हनले होते. तवाच समजलं."

"मग काकू, दर वर्षी विचारता कशाला?"

"नाई विचारलं तर ते जातीन काय नदीवर? माया पायाले तेल चोळत बसून राह्यतीन दिवसभर. सांगू नका त्यायले."

इतक्यात सर तोंड पुसत बाहेर आले आणि काकूंनी आवाज चढवला, "अन् फुलं खाली किती पडले होते, ते नाई सांगतलं तुमी!"

सरांनी खुर्ची ओढली, काकूंचे पाय अलगद आपल्या मांडीवर घेतले आणि सांगायला लागले.