जुन्या दाव्यांची ठेवणावळ

आमच्या कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये शिरण्याआधी म्हात्रेकाका दारावर टकटक करायचे. आत कोणी नसायचं. किल्लीही त्यांच्याच कमरेला. तरी आधी टकटक, मग बारीक खाकरणं, मग कुलूप. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आत मानसं हायत, बाय. एकदम गेलं तर दचकतात."

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्या लहानशा कोर्टात कारकून म्हणून लागले. दावे दाखल करून घ्यायच्या खिडकीवर बसायचे. वाशीच्या नव्या सेक्टरातून एसटीनं यायचे, तेव्हा वाटेत खारघर नुसतं गावच होतं. म्हात्रेकाका रेकॉर्ड कीपर. त्यांची खोली लांबट, ठेंगणी, एका खिडकीची. दुपारी तिथं पिवळं ऊन उतरायचं, खाडीचा खारट वारा यायचा आणि गठ्ठ्यांवरचे कागद हळूहळू वरखाली व्हायचे. मला तर तिथं उभ्या उभ्या पेंग यायची.

"यो वाटनीचा दावा," काका एखाद्या गठ्ठ्यावर हात ठेवून सांगायचे. "दमा हाय त्याला. पावसाल्यात लई त्रास."

एक दिवस वरून पत्र आलं. मुदत संपलेली जुनी प्रकरणं निवडून नष्ट करावीत. जागा नव्हती, गठ्ठे बांधायच्या कापडाला पैसे नव्हते. काकांनी दोन दिवस डबा उघडला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "तुजा अक्षर चांगला हाय. लिव."

अर्ज असा होता, की प्रत्येक नव्या दाव्याच्या फीबरोबर चार आणे जास्त घ्यावेत आणि त्यातून जुने कागद राखावेत. कारण त्यांनीच सांगितलं. "आज भांडतोय त्याचा कागद उद्या जुना व्हनार. मंग त्याची ठेवनावळ त्यानं आजच भरायला नको?"

न्यायाधीशसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "म्हात्रे, फी वाढवणं माझ्या हातात नाही. वर पाठवतो."

तीन महिन्यांनी उत्तर आलं, 'नोंद घेतली.' काका खूश. "नाय म्हनले नायत," असं म्हणून त्यांनी दुसरा अर्ज लिहायला घेतला.

पण कागद तेवढं थांबणार नव्हते. नव्या शहरासाठी गावोगावच्या जमिनी गेल्या होत्या आणि वाढीव मोबदल्यासाठी माझ्या खिडकीशी रांग लागायची. काका रांगेपाशी जाऊन उभे राहू लागले. खारघरच्या एका म्हातारीला म्हणाले, "आजी, पैसं नको. एक जुना लुगडा आना, धुवून."

"कोरटाला लुगडा?"

"कोरटाला नाय. आतल्या कागदांना. आपल्या आज्यांच्या जबान्या हायत त्यात. उघड्या पडल्यात."

पुढच्या तारखेला म्हातारीनं दोन लुगडी आणली आणि वर कडुनिंबाचा सुका पाला. मग करंजाडेहून आली, मग सगळीकडून. वर्षभरात ती खोली हिरवी, जांभळी, हळदी झाली.

साहेब तपासणीला आले आणि दारातच थांबले. "हे काय आहे?"

"फी, साहेब."

मला वाटलं, आता काकांची नोकरी गेली. साहेबांनी एक गठ्ठा सोडला, पाल्याचा वास घेतला, बराच वेळ वाचत बसले. मग स्वतः बांधला. गाठ चुकली होती, ती काकांनी त्यांच्यादेखत सोडून पुन्हा मारली.

त्या आठवड्यात साहेबांनी वकिलांना बोलावलं. नव्या दाव्यामागे एक रुपया वकिलांनी आपखुशीनं द्यायचं कबूल केलं. त्यातून दोन लोखंडी रॅक आले. गावांच्या जमिनींचे वाद अजून चालू आहेत, असं कळवून साहेबांनी ती प्रकरणं नाश-यादीतून काढून घेतली. फीचा नियम मात्र काका निवृत्त होईपर्यंत झाला नाही.

निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं आणि एक फाईल पुढे केली. मिठागराच्या बांधाचा दावा. वादीच्या बाजूची साक्षीदार, कोणी गोमाबाई.

"माजी आई," काका म्हणाले. "मी दोन वर्सांचा व्हतो तवा गेली. फोटू नाय. जबानी हाय."

"मग घरी का नाही नेलीत इतक्या वर्षांत? नाश-यादीत होती ही फाईल."

"माजी एकट्याची कशी? आनखी सात साक्षीदार हायत तिच्यात." त्यांनी तिच्या जबानीचं पान काढून माझ्या हातात दिलं. "मना पाठ हाय सगली. पन बाईच्या आवाजात कदी आयकली नाय."

मी वाचू लागले. बांध कुठून कुठे जातो, भरतीचं पाणी कुठवर येतं. अर्ध्या पानावर कोणा जुन्या कारकुनानं वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'साक्षीदाराचे कडेवरील मूल रडू लागल्याने जबानी काही वेळ थांबविली.'

काकांनी डोळे मिटले होते.

"तेवढीच ओळ," ते म्हणाले, "पुन्ना वाच, बाय."