मूळ स्वरूपातली फियाट

माणूस जुना झाला की त्याला निवृत्त करतात आणि वस्तू जुनी झाली की तिला मान देतात. ही व्यवस्था अत्यंत न्याय्य आहे, कारण वस्तू उलट बोलत नाही.

वारज्याचे तात्याराव ओव्हाळ वीज खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल आणि नारळ मिळाला. (शाल आखूड होती.) वडिलांनी घेतलेल्या फियाटचा थाट मात्र पन्नाशी उलटल्यावर असा काही वाढला, की तात्यारावांना तिचा हेवाच वाटला.

तोवर ही गाडी अगदीच सामान्य आयुष्य कंठत होती. मार्केट यार्डातून कांद्याची गोणी आणणे, शेजारपाजारच्या लेकीसुनांना बाळंतपणाला पोचवणे, असल्या किरकोळ कामांत तिने उमेदीची वर्षे वाया घालवली होती. अखेर मुलाने, प्रज्ञेशने, तात्यारावांचे डोळे उघडले.

"बाबा, ही व्हिंटेज आहे! रजिस्टर करू, स्पेशल नंबर प्लेट मिळते. कांदे काय आणताय तिच्यातून?"

अट एकच, गाडी मूळ स्वरूपात हवी. तपासणीला आलेले साहेब कमालीचे कर्तव्यदक्ष होते. (चहा मात्र त्यांनी मूळ स्वरूपाची चौकशी न करता घेतला.) त्यांनी बाजूच्या आरशावर बोट ठेवले.

"हा कंपनीचा नाही."

"मागून ट्रक आलेला दिसावा म्हणून बसवलाय, साहेब."

"गाडी घेतली तेव्हा इथे ट्रक यायचे?"

"तेव्हा रस्ताच नव्हता."

"मग?"

या युक्तिवादापुढे आरसा उतरला. पाठोपाठ टपावरचे कॅरिअर, सीटबेल्ट आणि पत्नी ललिताबाईंनी हौसेने शिवलेली सीटकव्हरेही उतरली. गाडी जसजशी निरुपयोगी होत गेली, तसतशी तिची पात्रता वाढत गेली. (हे तत्त्व इतर क्षेत्रांतही सिद्ध झालेले आहे.)

मग विमा. कंपनीच्या माणसाने गाडीची किंमत ठरवली, ती तात्यारावांच्या स्वतःच्या विम्याच्या तिप्पट निघाली.

"उद्या कुणी ठोकायला आलंच, तर तुम्ही मध्ये पडा," ललिताबाई म्हणाल्या. "गाडीला जपा."

गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची, रोजच्या कामाला काढली तर विमा बाद, हेही ठरले. नवी पाटी लागली. सोसायटीने गाडीला हार घातला. तात्यारावांनी रोज सकाळी तिच्यावरची धूळ मऊ फडक्याने पुसायचे व्रत घेतले.

एका दुपारी शेजारचे श्यामसुंदर पेंडसे छातीत कळ येऊन जिन्यातच बसले. ॲम्ब्युलन्स पुलावर अडकली होती. त्यांच्या पत्नी सुहासिनीताई धावत आल्या. तात्यारावांनी किल्ली घेतली, गाडीवरचे आच्छादनही ओढले. आपल्या वडिलांनी अशा वेळी चपलासुद्धा घातल्या नसत्या, हे त्यांना आठवले. मग समोर ती पाटी दिसली आणि हात थांबला.

"भाऊजी, काढा ना गाडी!"

"वहिनी, नियमात बसत नाही हो. फक्त दुरुस्तीला नेता येते."

"अहो, मग ह्यांची दुरुस्तीच आहे की!"

"गाडीची, वहिनी. गाडीची."

ललिताबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिले आणि त्या थेट रस्त्यावर जाऊन भाजीच्या टेम्पोला आडव्या गेल्या. टेम्पोवाल्या रतनने काही विचारले नाही. त्याने जुड्या बाजूला सारून जागा केली. श्यामसुंदर मेथीवर आडवे होऊन दवाखान्यात पोचले आणि वाचले. (टेम्पोचा विमा केव्हाच संपला होता. त्याचा उपचारांवर परिणाम झाला नाही.)

ते घरी परतले तेव्हा तात्याराव मान खाली घालून फाटकात उभे होते. श्यामसुंदर काठी टेकत फियाटपाशी थांबले. 

"तात्याराव, नाही काढलीत ते उत्तम केलंत," ते म्हणाले. "मला आत कोंबताना दाराला ओरखडा उठला असता. जरा एक फोटो काढा हो, गाडी पूर्ण येऊ दे. मी अर्धा आलो तरी चालेल."

तात्यारावांनी फोटो काढला. चांगला आला. ललिताबाई हल्ली रविवारी मार्केट यार्डात रतनच्या टेम्पोतून जातात.

वाचकहो, तात्यारावांचा संताप येणे स्वाभाविक आहे. संताप तब्येतीला बरा नव्हे, घटकाभर सोफ्यावर टेका. फक्त जपून बसा. त्यावरचे प्लॅस्टिक तुम्ही अजून काढलेले नाही, ते फाटायचे.