हरणाचे वरचे दात

"पेरू, तुला कवटी साफ करता येते का रे?" हॅन्सननी काउंटरपलीकडून विचारलं, आणि पुरुषोत्तम विचार न करता "येस सर" म्हणून बसला.

पुरुषोत्तम नागपूरचा दातांचा डॉक्टर. अमेरिकेत बेलव्ह्यूला आल्यापासून तो इथल्या लायसन्सच्या प्रॅक्टिकलला दोनदा बसला आणि दोनदा नापास झाला. तोवर घर चालावं म्हणून तो हॅन्सन यांच्या हार्डवेअरच्या दुकानात नटबोल्ट विकत होता. म्हाताऱ्या हॅन्सनना 'पुरुषोत्तम' झेपत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याचा पेरू केला होता. तिसऱ्यांदा परीक्षेला बसायचं नाही असं त्याने बायकोला, सुलभाला, सांगून टाकलं होतं. त्या दिवसापासून घरात दात हा विषय निघत नव्हता.

हॅन्सननी हरीण मारलं आणि ते गाडीत चढवताना त्यांची पाठ धरली. आता वाकता येईना. थँक्सगिव्हिंगला सगळी मंडळी घरी जमणार, त्याआधी कवटी फायरप्लेसवर लागायला हवी होती.

"सोपं आहे. सोलून दिलंय. मंद आचेवर ठेव, मांस सुटेल. फक्त खदखदू देऊ नकोस," हॅन्सन म्हणाले आणि त्यांनी एक मोठं पातेलं, कॅम्पिंगचा स्टोव्ह आणि एक जड पिशवी त्याच्या हातात दिली.

पिशवी पाहून सुलभा दारातच आडवी उभी राहिली. "काय आहे हे?"

"हरीण."

"अख्खं?"

"फक्त डोकं."

"आणि ते शिजवायचंय? तुम्ही? अहो, तुम्हाला साधा वरणभात लावता येत नाही!"

शेवटी गॅरेजवर तडजोड झाली. पुरुषोत्तमने पाण्यात सोडा घातला, स्टोव्ह पेटवला आणि तो स्टुलावर बसून राहिला. जरा वेळाने शेजारची बाई येऊन म्हणाली, "काय छान वास सुटलाय! इंडियन डिश का?" तिला हरणाची हकिगत सांगावी की रेसिपी, या पेचात तो तिला घरापर्यंत पोचवून आला. परत येतो तर पातेलं खदखदत होतं.

त्याने घाईघाईने कवटी बाहेर काढली. मांस सुटलं होतं, पण नाकापुढची हाडंही सैल झाली होती आणि खालच्या जबड्यातले पुढचे दात गळून पडले होते. सुलभाने नाकाला पदर लावला आणि ते पाणी कुंपणाशी ओतून दिलं. पातेल्याच्या तळाशी दात मिळाले. पुरुषोत्तमने ते धुऊन, पुसून, वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. आठ.

"खालचे सगळे आहेत," तो म्हणाला. "वरचे कुठायत?"

"कसले वरचे?"

"वरचे पुढचे! तू पाण्याबरोबर ओतलेस!"

"मी बघून ओतलं. दात असते तर दिसले नसते का?"

मग पावसाच्या भुरभुरीत दोघं कुंपणाशी उकिडवी बसली. पुरुषोत्तमने सुलभाची पिठाची चाळणी आणली होती. चिखल चाळून खडे मिळाले, एक बटण मिळालं, दात मिळाला नाही. "ही चाळणी आता पिठाला चालायची नाही," एवढंच सुलभा म्हणाली आणि आत गेली.

पुरुषोत्तमने कवटी पुन्हा निरखली. वर दातांच्या खाचासुद्धा नव्हत्या. हाड गुळगुळीत. "उकळून हाड झिजलं," त्याने निदान केलं. हॅन्सनना काय सांगायचं? मंद आच ठेवता आली नाही? म्हणजे हीही प्रॅक्टिकल गेलीच.

मग तो उठला आणि पलंगाखालून परीक्षेची, दातांच्या हत्यारांची पेटी ओढून बाहेर काढली.

आधी त्याने सैल हाडं जागेवर चिकटवली, खालचे दात बसवले. कवटी साबणाच्या पाण्यात ठेवली, सलूनच्या सामानाच्या दुकानातून पेरॉक्साइड आणून पांढरी केली. शिंगांना ते लागू नये म्हणून ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली. आणि मग मेण कोरून, साचा करून, ॲक्रिलिकचे आठ वरचे दात घडवले. रंग खालच्या दातांशी जुळेना, तेव्हा चहाच्या पाण्याचा हात दिला. सुलभा दारात येऊन उभी राहिली. तो शीळ घालत होता. चाळणीवरून दोन शब्द सुनावायचे तिने ठरवले होते, ते न बोलता ती परत फिरली.

थँक्सगिव्हिंगला हॅन्सनच्या घरी सगळे ताटं घेऊन उभे असताना पुरुषोत्तमने फळीवर बसवलेली कवटी फायरप्लेसवर टांगली आणि वरचं कापड काढलं.

हरीण हसत होतं. लग्नाच्या फोटोत हसावं तसं, सगळे दात दाखवून.

"पेरू," हॅन्सन हळूच म्हणाले, "हे वरचे दात कुठले?"

सुलभा पुढे झाली. "माझी चूक. खरे दात मी ओतून दिले. म्हणून ह्यांनी नवे केले."

"पण हरणाला वर पुढचे दात नसतातच! गाईलाही नसतात. अरे, तुमच्या देशात इतक्या गाई, तू एकीचंही तोंड उघडून पाहिलं नाहीस?"

सगळे हसत सुटले. हॅन्सनना तर इतकं हसू आलं की त्यांची पाठ पुन्हा धरली. सुलभाने नवऱ्याकडे पाहिलं. ओतले नव्हते ना मी, एवढंच त्या नजरेत होतं. पुरुषोत्तमचे कान लाल झाले. "आत्ता काढून टाकतो, सर."

"थांबा," एक बाई म्हणाली. ती हॅन्सनची मेहुणी, जॉईस. एकटी तीच हसली नव्हती. खुर्चीवर चढून, चष्मा लावून ती हरणाच्या तोंडात बघत होती. तिने नखाने एकेक दात ठोकून पाहिला.

"चुकलंय," ती म्हणाली.

"हो मॅडम, नसतातच ते..."

"ते नाही. मागच्या दाढा बघ, किती झिजल्यात. जनावर वयाचं आहे. आणि पुढचे दात कालच आल्यासारखे कोरे! रंग मात्र उत्तम. बसवलेत सुरेख. कुठल्या लॅबमध्ये आहेस?"

"हार्डवेअरमध्ये आहे. परीक्षेत नापास झालो. परीक्षक मागे उभा राहिला की हात थरथरतो."

"माझी कवळ्यांची लॅब आहे, इथंच. सोमवारपासून ये. परीक्षेचं पुन्हा बघू." मग ती खुर्चीवरून उतरली. "आधी हे झिजव."

हॅन्सननी बसल्या जागेवरून बारीक कानस मागवली. टर्की निवत होती, पण कुणी जेवायला हललं नाही. पुरुषोत्तम खुर्चीवर चढला. जॉईस दुसऱ्या खुर्चीवर चढून, दिवा धरून त्याच्या पाठीशी उभी राहिली, अगदी खांद्यावरून वाकून. सुलभाने त्याच्या हाताकडे पाहिलं. हात स्थिर होता.

"सावकाश, पेरू," हॅन्सन कण्हत म्हणाले. "दुखवू नकोस त्याला."