गोगलगाईस नामांकन जाहले त्याची हकीकत

आधी वंदन मातीस, मग मातीचे पोटातील तारेस, आणि मग त्या तिपाईस, जिजवर कॅमेरा अकरा वर्षे उभा असोन एकदाही खाली बसला नाही. कोणाही हुजुरांची आज्ञा नसता आणि कोणी पुसले नसता ही हकीकत लिहिली असे. ज्यांस सात मिनिटांचा सिनेमा म्हणजे पोरखेळ वाटतो त्यांणी येथोनच माघारी फिरावे, आमचे काही अडत नाही. बाकी सुज्ञांनी पाठ ताठ करोन ऐकावे.

एका इमारतीचे दुसरे मजल्यावर, खाली सुताराचे दुकान आणि माथ्यावर नाचाचा वर्ग, ऐशा दोन गनिमांचे कचाट्यात दोन खोल्यांचे संस्थान होते. तेथे मातीच्या बाहुल्या केसभर हालवाव्या, छायाचित्र घ्यावे, मग आणखी केसभर हालवाव्या, आणखी छायाचित्र घ्यावे, आणि ऐशी बारा चित्रे जुळली म्हणजे पडद्यावर एक सेकंद सरावा, ऐसा कारभार. सरलष्कर थोरल्या बाईसाहेब. त्यांचे यजमान दिव्यांचे दारोगा, ज्यांस सारे भावोजी म्हणत. आणि थोरल्यांच्या सख्ख्या धाकट्या भगिनी, हुद्दा पापणीनवीस, म्हणजे बाहुल्यांच्या पापण्या चिमट्याने उघडणे आणि मिटणे हे काम त्यांजकडे. फौज एवढीच. कायदाही एकच, की कॅमेऱ्याचा लाल दिवा पेटला असता कोणी हालू नये, बोलू नये, श्वासही बेताने घ्यावा; कारण तिसरे सिनेमाचे वेळी भावोजींस शिंक आली आणि नऊ दिवसांचे काम, हत्ती आणि त्याची सोंड धरोन, जमीनदोस्त जाहले. त्या दिवसापासोन दिवा लागला की तिघे जागचे जागी गोठत.

ऐशा शिस्तीने चार वर्षे खपोन एक गोगलगाय मोरी ओलांडते, एवढ्याच मजकुराचा सिनेमा सिद्ध केला. गोगलगाईस पापण्या नसतात, हे भावोजींनी एकवार अदबीने कळविले. तो अर्ज नामंजूर जाहला, आणि धाकट्या बाईंणी आठशे चाळीस पापण्या घडविल्या. थोरल्या बाईसाहेबांनी हरएक पापणी भिंगाखाली धरावी आणि "पुन्हा" म्हणावे. याखेरीज दुसरा शब्द अकरा वर्षांत त्यांचे मुखातून निघाला नाही. धाकट्या बाई बहुत कष्टी. त्यांस पारितोषिकाची हाव नव्हती, नामांकनाचीही नव्हती. ताईने एकदा तरी आपल्या कामाने खूश व्हावे, आणि ते आपल्या डोळ्यांना दिसावे, एवढीच मुराद होती. ती पुरी होईना, तेव्हा मनात हिय्या करोन त्यांणी एका विमा कचेरीत अर्ज केला, आणि सोमवारी सकाळी हजर व्हावे ऐसे पत्रही येवोन अ‍ॅप्रनचे खिशात पडले. जाण्याआधी नामांकनाचा दिवस पाहू, त्या दिवशी तरी ताई हसते की नाही ते पाहू, ऐसा कौल त्यांणी मनाशी लाविला.

तों पारितोषिक मंडळाचा खलिता आला. मजकूर ऐसा की, यादीत पंधरा सिनेमे असोन पाच निवडले जातील. हरएकाने नावे पुकारतेसमयी आपला चेहरा कॅमेऱ्यात धरावा, आणि ज्याचे नाव निघेल त्याने आपल्या आनंदाचे एक मिनिट तासाचे आत रवाना करावे. हुकूम शिरसावंद्य मानोन भावोजींनी कॅमेरा तिपाईवर चढविला, मध्ये थोरल्या, डावे हाती धाकट्या आणि उजवे हाती स्वतः, ऐसे तीन स्टुलांवर मोर्चे बांधले, आणि कळ दाबोन बसले. संगणकावर पुकारा सुरू जाहला. पहिले नाव गेले, दुसरे गेले, चौथेही परक्या मुलखात गेले, आणि मग पाचवे नाव पुकारले, ते गोगलगाईचे!

आणि कोणीही हालले नाही.

काय सांगावे! दिवा लाल पेटलेला. कायदा रक्तात मुरलेला. मान वळवोन ताईचे मुख पाहावे ऐसे धाकट्या बाईंस फार वाटले, परंतु मान वळेना. डोळ्यांचे कोपऱ्यातून ताईचे नाक तेवढे दिसत होते, आणि त्या नाकावर ना सुख ना दुःख. दूरध्वनी वाजला, थांबला, फिरोन वाजला. दार ठोठावोन कोणी निघोन गेले. कळ भावोजींचे स्वाधीन, परंतु दिवा विझल्यावाचून भावोजींस हालण्याची मनाई, आणि भावोजी हालल्यावाचून दिवा विझण्याची सोय नाही, ऐसा विलक्षण पेच पडला. त्या पेचात बावीस मिनिटे तिघे बसोन राहिले, आणि मग बॅटरी संपली, तेव्हा सुटका जाहली.

उरली मिनिटे अडतीस. थोरल्या बाईसाहेबांनी मसलत ठरविली की आनंद नव्याने करावा. भावोजींनी बॅटरी बदलली, आणि लाल दिवा दिसताच तिघे पुन्हा गोठले. मग दिव्यावर काळी चिकटपट्टी डकवोन दुसरी चढाई केली. भावोजींनी उडी घेतली ती थेट टांगल्या दिव्यास भिडली आणि कपाळास टेंगूळ आले. धाकट्याही उडी घेवोन हसल्या, ते हसू बळेच ओढलेले.

"पुन्हा," थोरल्या बोलल्या. "आधी भुवया, मग तोंड. आणि उडी चौदा चित्रांची घे, तू आठातच खाली येतेस."

ऐशा पाच चढाया जाहल्या, पाचही फसल्या, आणि सहावे "पुन्हा" कानी पडताच धाकट्या बाईंचे माथे भडकले. अदब गेली, हुद्दा गेला.

"बास झालं, ताई! अकरा वर्षं नुसतं पुन्हा, पुन्हा! एकदा तरी 'छान झालंय' म्हणालीस? आज आपलं नाव आलं, तरी तुझा चेहरा दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा! मी सोमवारपासून विमा कचेरीत जातेय. झालं तुझं समाधान?"

थोरल्यांनी रुमाल काढोन भिंग पुसावयास घेतले, जे मुळात स्वच्छ होते. भावोजी पडले गरीब माणूस. बहिणींचे रणात आपले काय काम, ऐसे जाणोन ते संगणकापाशी सरकले, आणि त्या पहिल्या बावीस मिनिटांतून धाडण्याजोगे काही निघते का ते सवयीप्रमाणे एकेक चित्र पुढे सारोन पाहू लागले. तों एकाएकी ओरडले.

"थांबा! इथे कोणीतरी हाललंय!"

"कोण?" थोरल्या गरजल्या. सारा रुसवा फुगवा विसरोन कायदा जागा जाहला. "दिवा चालू असताना? नाव सांगा आधी!"

"अगं, तूच."

"मी? शक्यच नाही! खालच्या सुताराने रंधा मारला असेल."

मग चौकशी बसली. चित्र पुढे, चित्र मागे. नाव पुकारल्यापासोन चौथे सेकंदास थोरल्या बाईसाहेबांचा डावा हात गुडघ्यावरोन निघाला, आणि केसभर, मग केसभर, गोगलगाईचे चालीने, धाकट्यांचे स्टुलाचे बाजूस लोंबणाऱ्या अ‍ॅप्रनचे नाडीपाशी पोहोचला. आणि त्या हाताने ती नाडी तर्जनीस तीन वेढे घालोन गच्च धरली, ती बॅटरी संपेतोवर सोडली नाही. मुख मात्र दगड. धाकट्या बाई पडद्याकडे पाहोन स्तब्ध राहिल्या, यावेळी दिवा नसताही.

"हे काय गं, ताई?"

"अ‍ॅप्रन मीच धुते ना," थोरल्या भिंताडाकडे पाहोन बोलल्या. "धुण्याआधी खिसे बघावे लागतात."

"म्हणजे तुला पत्राचं माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तू गेलीस तर पापण्या कोण हलवणार?"

"एवढंच?"

वरचे मजल्यावर नाचाचा वर्ग सुटला, जिन्यावरोन पावले गेली, आणि भावोजींनी टेंगूळ चोळण्याचेही थांबविले.

"नाही," थोरल्या बोलल्या. "एवढंच नाही."

मुदतीस चार मिनिटे उरली असता, धाकट्या बाईंणी नाक पुसोन स्वहस्ते ते न हालणारे मिनिट मंडळाकडे रवाना केले. मंडळाने पुसले की चित्र अडकले आहे काय. त्यास उत्तर धाडिले की अडकले नाही, मधल्या बाईंचे डावे हाताकडे नीट पाहावे. पुढे पारितोषिक कोणास गेले ते येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही, ज्यांस हौस असेल त्यांणी वर्तमानपत्र पाहावे. सोमवारी सकाळी धाकट्या बाई वेळेवर हजर जाहल्या, त्या याच दुसरे मजल्यावर. सदर मोहिमेत एक टेंगूळ खर्ची पडले, आणि थोरल्यांचे तीन शब्द हस्तगत जाहले, त्यास अकरा वर्षे लागली, हे दफ्तरी दाखल असे.