घटना प्रथम पाहणाऱ्याचे नाव

परवाना कार्यालयाच्या आवक टेबलावर सोमवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी एक संगणकीय घटना घडली. ती आवकबाईंनी पाहिली. आपण ती पाहिलीच नाही, हे ठरवायला त्यांना पुढची दोन मिनिटं लागली.

आवकबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. सहा वर्षं कार्यालयात येणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून आत जायचं, म्हणून त्या आवकबाई. नऊ वर्षांची मुलगी दुसऱ्या गावी आजीकडे. बदलीचा अर्ज चार साहेबांच्या टेबलांवरून फिरून आलेला. मुलगी पूर्वी रोज फोनवर "आई, कधी येणार?" म्हणून विचारायची. हल्ली विचारत नव्हती, आणि बाईंना तेच जास्त लागत होतं. तेव्हा त्या सकाळी 'आपल्या बदलीबाबत, तातडीने पाहावे' असा मेल आला आणि बाईंनी तो तातडीने पाहिला, यात त्यांचं काय चुकलं? त्या कार्यालयात तातडीने झालेली ती पहिलीच गोष्ट.

पडदा लाल झाला. मधोमध कुलूप आलं. खाली मजकूर: आपल्या सर्व फायली बंद करण्यात आल्या आहेत, हव्या असल्यास बहात्तर तासांत पुढील पत्त्यावर संपर्क साधावा, उशीर झाल्यास त्या कायमच्या जातील. कोणी, काय आणि कधीपर्यंत करायचं हे इतक्या स्वच्छ भाषेत सांगणारं पत्र आवक टेबलावर याआधी कधी आलं नव्हतं.

आता काय करायचं हे अख्ख्या कार्यालयात फक्त बाईंनाच ठाऊक होतं, कारण ते परिपत्रक त्यांनीच टाइप केलं होतं. 'संगणकीय घटना: पहिल्या तासात घ्यावयाची पावले.' पाऊल पहिले, घटना प्रथम पाहणाऱ्याने घटना नोंदवहीत नोंद करावी. पाऊल दुसरे, मुख्य वायर तत्काळ काढावी. पाऊल पहिले पूर्ण झाल्याखेरीज दुसरे घेऊ नये. वहीत चार रकाने होते: वेळ, प्रथम पाहणाऱ्याचे नाव, घटनेचे स्वरूप आणि जबाबदार व्यक्ती. चौथ्या रकान्यात प्रत्येक ओळीवर छापखान्यातूनच छापून आलं होतं, 'रकाना दोनप्रमाणे.'

यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. जबाबदारी निश्चित करण्यात कार्यालयाचा वेळ जाऊ नये, एवढाच उद्देश. मागच्या वर्षी एका टंकलेखकाने जिन्यातलं छत गळतंय असं भाबडेपणाने लेखी कळवलं. तेव्हापासून ते छत त्याच्या नावावर आहे. नावावर घटना असलेल्याला बढतीही नाही आणि बदलीही नाही.

आणि बाईंची खरी बदली आता हातातोंडाशी आली होती. आस्थापना टेबलावर बसणाऱ्या मामांच्या संगणकात आदेश तयार होता. चार वाजता छापून साहेबांपुढे सहीला जायचा होता. कार्यालयात एकूण अकरा टेबलं. मामांचं खिडकीजवळचं, अकरावं. सगळ्यांच्या वायरी आवक टेबलामागच्या भिंतीवरल्या डब्यात शिरत होत्या, आणि डब्यातून एकच जाड निळी वायर काउंटरच्या कडेने बाहेर जात होती. बाईंनी हात लांबवला असता तर लागली असती. ती ओढली तर आदेश वाचणार, पण ओढणाऱ्याने घटना पाहिली हे उघड होणार. नाही ओढली तर नाव स्वच्छ राहणार, आणि त्या स्वच्छ नावाचा आदेश कुलपात जाणार.

बाईंनी पडद्यावर धूळ पुसायचं फडकं टाकलं.

पावणेअकराला शेजारच्या टेबलावरून "अगं आई!" असा आवाज आला आणि लगेच दाबला गेला. बाईंनी वळून पाहिलं तेव्हा शेजारीण पडद्यावर स्वतःची ओढणी पसरत होती.

"ताई, तुमच्या पडद्यावर फडकं का हो?"

"डोळे चुरचुरतायत. आणि तुमच्या?"

"माझेही. कालपासून."

दुपारपर्यंत पाच जणांचे डोळे चुरचुरू लागले. कोणी टॉवेल टाकला, कोणी वर्तमानपत्र. कामात मात्र तसूभर खंड पडला नाही. झाकलेल्या पडद्यांपुढे सगळे पूर्वीच्याच वेगाने टाइप करत होते, आणि काउंटरवरच्या रांगेला पूर्वीचंच उत्तर मिळत होतं, "सर्व्हर डाउन आहे, उद्या या." रांगेला काही फरक जाणवला नाही.

शेवटी बाई साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांची नोकरी तीस वर्षांची. बाईंचा चेहरा बघून त्यांनी आधी चष्मा काढून ठेवला.

"बाई, तुम्ही मला काही दाखवायला आलात का?"

"हो साहेब."

"मग दाखवू नका. सांगूही नका. विचारा."

"समजा साहेब, एखाद्या टेबलावर एखादी गोष्ट झाली असेल..."

"'समजा' फार चांगला शब्द आहे. समजा झाली असेल, तर समजा कोणीतरी पाहील. आपण वाट बघू. फक्त तिकडे बघायचं नाही."

तरीही साहेबांनी कंत्राटी टेक्निशियनला बोलावलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. टेक्निशियन आला तो थेट बाईंच्या टेबलाकडे पाठ करून उभा राहिला.

"ताई, राग मानू नका. नोंद झालेलीच घटना बघायची, असं कंत्राटात आहे. नोंदीआधी बघितली तर मीच पहिला पाहणारा. पडदा लाल आहे का?"

"मी कशी सांगणार? मी पाहिलेला नाही."

"बरोबर. पण समजा लाल असला, तर आधी वायर काढा. टेबलामागून टेबल जातं हे."

"मग तुम्हीच काढा ना!"

"आणि कशासाठी काढली म्हणून लिहू?"

त्याने भेटीच्या चिठ्ठीवर 'पाहणी केली, काही दिसले नाही' असं लिहिलं, साहेबांची सही घेतली आणि तो निघून गेला. त्या दिवशी त्या कार्यालयात लिहिलं गेलेलं हे एकमेव खरं वाक्य.

अडीच वाजता साहेबांनी कार्यालयीन आदेश काढला. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांच्या तक्रारी अचानक वाढल्या असून पडद्यांवर निरनिराळ्या रंगांची फडकी आढळत आहेत, ही बाब शिस्तीस धरून नाही. सबब सर्वांनी एकसारखं हिरवं फडकं वापरावं. तीन वाजता भांडारातून अकरा फडकी आली. अकरावं मामांनी घडी करून खणात ठेवलं, कारण त्यांचे डोळे अजून ठीक होते.

साडेतीनला दहावं टेबल गेलं. आता फक्त मामांचं उरलं होतं. बाई मामांकडे धावल्या.

"मामा, माझा आदेश आत्ताच छापून ठेवा ना. प्रिंटर तर तुमच्याच टेबलाला आहे."

"अगं, चारची सही, चारलाच छापायचा. सहा वर्षं थांबलीस, आता अर्ध्या तासासाठी कशाला जीव टाकतेस?"

बाई जागेवर परत आल्या. त्यांचा हात आपोआप निळ्या वायरीकडे गेला. बोटं वायरीला लागली, आणि चौथा रकाना डोळ्यांपुढे आला. हात मागे आला. स्वतःची इतकी चीड त्यांना आजवर कधी आली नव्हती.

रांगेत तेव्हा सगळ्यात पुढे एक म्हातारे शिंपी होते. दुकानाच्या परवान्यावरचा पत्ता बदलून घ्यायला ही त्यांची तिसरी खेप. प्रत्येक खेपेला बाई त्यांच्याशी नीट बोलल्या होत्या, म्हणून ते याच खिडकीशी थांबत. कोणीतरी पंखा वाढवला आणि बाईंच्या पडद्यावरचं हिरवं फडकं उडालं.

"ताई, हे लाल काय आलंय हो तुमच्या पडद्यावर?"

सगळं टायपिंग थांबलं. सगळी डोकी शिंप्यांकडे वळली, आणि त्या नजरांत इतकं प्रेम होतं की शिंपी गांगरले. साहेब चष्मा लावून बाहेर आले.

"काय म्हणालात काका? जरा मोठ्याने म्हणा. सगळ्यांना ऐकू द्या."

"लाल आहे. मधे कुलूप आहे. माझ्या सुनेच्या कचेरीत असंच झालं होतं. ती म्हणाली, आधी वायर ओढायची आणि मग काय बोलायचं ते बोलायचं." असं म्हणून शिंप्यांनी काउंटरवरून वाकून निळी वायर ओढली. तीन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. मामांचं टेबल वाचलं.

काकांना खुर्ची आली, पाणी आलं, चहा आला. सकाळपासून कोणालाच न सापडलेली नोंदवही आपसूक सापडली. नोंद करणं हे आवक टेबलाचं काम असल्यामुळे बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: वेळ, तीन पन्नास, नाव, शिंप्यांचं. चौथा रकाना भरावा लागत नव्हताच.

"ही सही कशाबद्दल?" शिंप्यांनी विचारलं.

"तुम्ही पाहिलंत ना, त्याबद्दल," साहेब म्हणाले.

शिंपी साहेबांकडे न बघता बाईंकडे वळले. "ताई, करू ना सही?"

बाईंना सगळं सांगून टाकावंसं वाटलं. तेवढ्यात मामांचा प्रिंटर सुरू झाला. बाई वहीकडे बघत म्हणाल्या, "करा."

चार वाजता बदलीच्या आदेशावर सही झाली. त्यात शेवटी होतं, 'सदर कर्मचाऱ्याच्या नावे कोणतीही घटना नोंद नाही.'

अवघ्या दहा मिनिटांत जबाबदारी निश्चित केल्याबद्दल कार्यालयाला प्रशस्तिपत्रक मिळालं. अहवालात लिहिलं आहे की एका बाहेरच्या इसमाने काउंटरवरून वाकून वायर ओढली, त्यानंतर तपासणी केली असता दहा संगणक बंद आढळले. शिंप्यांचा परवाना चौकशी संपेपर्यंत स्थगित आहे. दर सुनावणीत त्यांना एकच विचारतात, वायर काढायची असते हे तुम्हाला आधीपासून कसं माहीत होतं?

आवकबाई मुलीजवळ राहायला गेल्या आहेत. मुलगी पुन्हा भरभरून बोलायला लागली आहे. तिच्या वाढदिवसाला फ्रॉक शिवायचा होता, पण बाईंनी तयारच आणला.

चौकशी समितीने आता जाहीर आवाहन केलं आहे. त्या सोमवारी सकाळी दहा ते दुपारी तीन पन्नास या वेळात ही घटना कोणाला ठाऊक होती, याची माहिती असणाऱ्याने आपल्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावं. सोबत जोडलेला नमुना चार रकान्यांचा आहे. इथवर वाचत आलेल्या प्रत्येकाला घटनेची खरी वेळ मिनिटासह माहीत आहे. मुदत आज संध्याकाळी संपते. समितीकडे अद्याप एकही पत्र आलेलं नाही.